लग जा गले (गीत)

'लग जा गले' हे १९६४ साली प्रदर्शित झालेल्या 'वो कौन थी?' या हिंदी चित्रपटातील गीत आहे. राजा मेहदी अली खान यांनी लिहिलेल्या या गीताला मदन मोहन यांनी संगीत दिले असून ते लता मंगेशकर यांनी गायले आहे. पडद्यावर ते साधना या अभिनेत्रीवर चित्रित झाले आहे. प्रेमगीत म्हणून ते सर्वपरिचित असले तरी मूळ चित्रपट रहस्यप्रधान आहे. गीताचा भावार्थ समजण्यासाठी हा संदर्भ महत्त्वाचा ठरतो.

कथेतील स्थान

राज खोसला दिग्दर्शित या चित्रपटाचा नायक डॉ. आनंद (मनोज कुमार) याला एका पावसाळी रात्री रस्त्यात एक अनोळखी स्त्री भेटते. पुढे विवाहानंतर आपल्या पत्नीचा चेहरा त्या स्त्रीसारखाच असल्याचे त्याला दिसते आणि तो संशयाने ग्रासला जातो. गीतात ही भेट कदाचित पुन्हा होणार नाही, म्हणून आताच जवळ घ्यावे, अशी विनवणी आहे. कथेबाहेर ऐकताना ती प्रेमिकेची आर्तता वाटते. कथेच्या ओघात मात्र तीच विनवणी अशुभाची चाहूलही देते.

दिग्दर्शकाने ही चाल प्रथम नाकारली होती. मनोज कुमार यांच्या आग्रहामुळे त्यांनी ती पुन्हा ऐकली आणि स्वीकारली, असे सांगितले जाते.

काव्यरचना

मुखडा आणि दोन अंतरे अशी गीताची रचना आहे. त्याचे वृत्त उर्दू गझलेत रूढ असलेल्या वृत्तांपैकी एक आहे. मुखड्यातील दोन्ही ओळींच्या शेवटी 'होईल वा न होईल' या अर्थाचा रदीफ येतो व त्याआधी काफिया साधलेला आहे. प्रत्येक अंतऱ्यातील पहिल्या दोन ओळींचे यमक स्वतंत्र असून तिसरी ओळ मुखड्याच्या काफिया-रदीफाकडे परतते. त्यामुळे ही काटेकोर गझल नसली तरी गझलेच्या वळणाची रचना आहे. प्रत्येक कडव्याचा शेवट अनिश्चिततेवरच होत असल्याने गीताचा मुख्य भाव रचनेतूनच दृढ होतो.

संगीत

चाल पहाडी रागावर आधारलेली आहे. हिमालयाच्या परिसरातील लोकधुनांशी नाते सांगणारा हा राग उपशास्त्रीय व सुगम संगीतात विशेष प्रचलित आहे. गीताची लय संथ असून वाद्यमेळ गायनावर मात करत नाही. शब्दांना आवश्यक तेवढा अवकाश मिळतो आणि आवाज केंद्रस्थानी राहतो.

कलावंत

बगदाद येथे जन्मलेले मदन मोहन (१९२४–१९७५) चित्रपटांत येण्यापूर्वी आकाशवाणीच्या लखनौ केंद्रात काम करत होते. चित्रपटगीतात गझलेचा बाज रुजवणाऱ्या संगीतकारांत त्यांची गणना होते. लता मंगेशकर त्यांना भाऊ मानत. राजा मेहदी अली खान व मदन मोहन यांनी 'मदहोश' (१९५१) आणि 'अनपढ' (१९६२) या चित्रपटांसाठीही एकत्र काम केले. खोसला, साधना, मदन मोहन व राजा मेहदी अली खान हे चौघे 'मेरा साया' (१९६६) या चित्रपटातही एकत्र आले. तो चित्रपट राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) या मराठी चित्रपटावर आधारित होता. १९६६ सालीच राजा मेहदी अली खान यांचे निधन झाले.

मान्यता

'वो कौन थी?'साठी मदन मोहन यांना फिल्मफेअर पुरस्काराचे नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र 'दोस्ती' चित्रपटासाठी लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांना देण्यात आला. मदन मोहन यांना पुढे 'दस्तक' (१९७०) या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशके उलटूनही नव्या पिढीतील गायक हे गीत सातत्याने गात आले आहेत. चित्रपटाची रहस्यकथा ठाऊक नसलेल्या श्रोत्यांपर्यंतही ते पोहोचले आहे.