लहान इंजिनाला टर्बोची फुंकणी : गाडी घेण्यापूर्वी हिशेब मांडा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या चाळीतील एक बाई संध्याकाळी कागदांची पिशवी घेऊन आमच्या घरी आल्या. त्यांचे यजमान महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. हाती आलेल्या फंडातील निम्मी रक्कम घालून आणि उरलेल्या पैशांसाठी पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी थोरल्या मुलाला जुनी डिझेल गाडी घेऊन दिली होती. मुलगा तिच्यातून एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करतो. त्या कमाईवर घर चालते आणि धाकट्या मुलीचे कॉलेजही.

बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हिशेबातले माणूस. लहान इंजिनाची गाडी, डिझेल कमी खाते, म्हणून घेतली. आता तिचा टर्बो गेला म्हणतात आणि बत्तीस हजार सांगतात. हा टर्बो म्हणजे असते काय? आणि तो गेलाच कसा?"

आम्ही हिशेबातले माणूस खरे, पण यंत्रातले नव्हे. तेव्हा ओळखीच्या मेकॅनिकला भेटलो, टॅक्सी चालवणाऱ्या दोघा-तिघा बंधूंशी बोललो, गाड्यांची माहितीपत्रके आणि कराचे नियम वाचले. त्यातून जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. कारण आज आपल्या वस्त्यांतून अनेक तरुण गाडी चालवून पोट भरतात आणि त्यांच्या गाडीत घरातल्यांची आयुष्यभराची पुंजी अडकलेली असते.

ताकद येते कुठून?

चुलीत लाकूड कितीही घाला, हवा लागली नाही तर नुसता धूर होतो. फुंकणीने फुंकर घातली की तेच लाकूड भडकते. इंजिनाचेही तसेच आहे. १ लिटर पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे ११ किलो हवा लागते. म्हणून इंजिनात जेवढी हवा शिरेल तेवढेच इंधन नीट जळेल आणि तेवढीच ताकद मिळेल.

गाडीच्या कागदावर सी.सी. म्हणून जो आकडा असतो, तो इंजिनाच्या सिलेंडरांतील जागेचे माप होय. १००० सी.सी. म्हणजे १ लिटर. पूर्वी अधिक ताकद हवी असेल तर ही जागाच वाढवावी लागे. म्हणजे इंजिन मोठे, वजन जास्त, घर्षण जास्त आणि इंधनही जास्त. खरे तर सपाट रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटरने जाताना लहान गाडीला दहाएक अश्वशक्ती पुरते. बाकीची ताकद घाट चढताना किंवा ओव्हरटेक करताना लागते. त्या थोड्या वेळासाठी मोठे इंजिन दिवसभर वाहून न्यायचे, असा तो व्यवहार होता.

यावर आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. इंधनातील सुमारे एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर वाया जाते. त्या धुराच्या वाटेवर त्याने एक चक्र बसवले आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र. धुराच्या जोराने पहिले फिरते, त्याबरोबर दुसरे फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हाच टर्बो. दाबलेली हवा तापते आणि विरळ होते, म्हणून ती थंड करायला वाटेत इंटरकूलर बसवतात. ही युक्ती आधी आगबोटींत आली, मग ट्रकमध्ये आणि पुढे मोटारींत. लहान इंजिनाला लावलेली ही फुंकणीच म्हणा ना!

आपल्या डोळ्यांसमोरचा बदल

टाटांची इंडिका १९९८ साली आली. टुरिस्ट गाडी म्हणून ती गावोगाव धावली. तिच्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनाला टर्बो नव्हता. १४०५ सी.सी. आणि ताकद सुमारे ५३ अश्वशक्ती. २००७ साली मारुतीची डिझेल स्विफ्ट आली, तिच्यात फियाट कंपनीने घडवलेले १२४८ सी.सी.चे टर्बो इंजिन होते. ताकद ७५ अश्वशक्ती! पुढे हेच इंजिन डिझायरमध्ये आले, टाटांच्याही काही गाड्यांत बसले आणि पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही तयार होऊ लागले. इंजिन दीडशेहून अधिक सी.सी.ने लहान आणि ताकद दीडपटीच्या आसपास. (यात सगळे श्रेय टर्बोचे नव्हे. डिझेल अधिक नेमके फवारण्याची नवी पद्धतही त्याच सुमारास आली.) २०२० साली भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. परंतु जुन्या बाजारात त्या अजून विकल्या जातात आणि आपली माणसे त्या घेतात.

पेट्रोलमध्येही तेच झाले. स्कोडा रॅपिड आणि फोक्सवॅगन व्हेंटो या चाकणला तयार होणाऱ्या गाड्यांत १.६ लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे इंजिन होते. २०२० साली त्याच्या जागी तीनच सिलेंडरांचे १ लिटरचे टर्बो इंजिन बसवले. ताकद ११० अश्वशक्ती, म्हणजे पाचने जास्तच.

यात कराचा भाग

कंपन्यांनी हे केवळ ग्राहकाच्या प्रेमापोटी केले, असे कोणी समजू नये. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. लहान गाडी म्हणजे कोणती? लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सी.सी.पर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० सी.सी.पर्यंत. पुढे जीएसटी आला तरी ही रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान गाडीवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के कर आहे.

आता टाटा नेक्सॉनच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचे माप पाहा : ११९९ सी.सी. डिझेलचे १४९७ सी.सी. आणि लांबी चार मीटरला किंचित कमी! कर सी.सी. मोजतो, अश्वशक्ती मोजत नाही. रेघेच्या आत राहून ताकद वाढवायची तर टर्बो हवाच. शिवाय २०१७-१८ पासून केंद्र सरकारने कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी धुरावर बंधन घातले आणि २०२२-२३ पासून ते आणखी आवळले. त्याचाही रेटा आहेच.

ॲव्हरेजचा आकडा आणि आपला पाय

जाहिरातीतील ॲव्हरेज हे ठरावीक चाचणीतून येते. चाचणीत गाडी हळुवार चालते, तेव्हा टर्बोला फारसे काम नसते आणि लहान इंजिन लहान इंजिनासारखेच खाते. पण पाच-सहा माणसे बसवून, एसी लावून, पाय दाबून घाट चढलो की टर्बो जास्त हवा भरतो आणि त्या हवेबरोबर इंधनही जास्त जाते. ताकद फुकट मिळत नाही.

युरोपात २०१७ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजायची सक्ती झाली. इंजिने फार लहान केली तर भार पडताच धूर वाढतो, हे तेथील कंपन्यांनाही मानावे लागले. फोक्सवॅगनने आपल्या १.४ लिटरच्या पेट्रोल टर्बोच्या जागी १.५ लिटरचे आणले. लहान करण्यालाही मर्यादा आहे, हाच याचा अर्थ.

आपला हिशेब असा मांडा. समजा महिन्याला ३००० किलोमीटर चालवायचे आहेत. लिटरला १५ चे ॲव्हरेज असेल तर २०० लिटर इंधन लागेल. २० चे मिळाले तर १५० लिटर. बचत ५० लिटरची. पण घाईघाईने चालवून तीच गाडी १७ देऊ लागली तर १७६ लिटर लागतील, म्हणजे निम्मी बचत पायाखाली गेली. आणि ज्याची गाडी महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच चालते, त्याला टर्बोविना साधे इंजिन पुरते. त्यात बिघडायला एक वस्तू कमी.

मग टर्बो गेला कसा?

घरातला छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याच्या एका बाजूला डिझेल गाडीत सात-आठशे अंशांचा आणि पेट्रोल गाडीत त्याहूनही गरम धूर. असा दांडा ज्यावर तरंगतो तो फक्त ऑईलचा पातळ थर. ऑईल जुने, काळे, घट्ट झाले की बारीक नळ्या तुंबतात, थर तुटतो आणि दांडा घासू लागतो.

आम्ही बाईंच्या पिशवीतील पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. दहा हजार किलोमीटरला बदलायचे ऑईल चोवीस हजारांना बदललेले. ज्या महिन्यात ते बदलायचे होते, त्याच महिन्यात मुलीची फी आणि पतपेढीचा हप्ता आला होता. ऑईल आणि फिल्टरला अडीच हजार लागले असते. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "काका, गाडी चालत होती, म्हणून पुढे ढकलले." त्यावर आई म्हणाली, "हप्ता चुकला की नोटीस येते. ऑईल चुकले तर कोण सांगणार?" त्या माउलीचे बोलणे खरे आहे. म्हणून काही गोष्टी येथे सांगतो. कापून ठेवा.

१) ऑईल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीत बदला. रोज गर्दीत किंवा भार घेऊन गाडी चालत असेल तर मुदतीआधी. ऑईल पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच घ्या. सुट्ट्या डब्यातले स्वस्त ऑईल नको.

२) सकाळी गाडी सुरू करताच रेस करू नका. ऑईल टर्बोपर्यंत पोहोचायला थोडा अवधी द्या आणि पहिले काही मिनिटे बेताने चालवा.

३) घाट चढून किंवा हायवेवर जोरात येऊन लगेच चावी बंद करू नका. एक-दोन मिनिटे गाडी उभ्यानेच चालू ठेवा. नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑईल जळून त्याचा कोळसा होतो.

४) एअर फिल्टर स्वच्छ ठेवा. फाटला तर धुळीचा कण त्या वेगाच्या चक्रावर गोटीसारखा आदळतो.

५) वरच्या गिअरमध्ये कमी वेगात गाडी रेटू नका. गिअर खाली घ्या.

६) निळसर धूर, शिट्टीसारखा आवाज, पिकअप कमी होणे, ऑईल वारंवार कमी भरणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा.

७) जुनी टर्बो गाडी घेताना रंग आणि सीट कव्हर पाहू नका. सर्व्हिसच्या पावत्या मागा. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. गाडी थंड असताना त्याला सुरू करायला सांगा आणि धूर पाहा. पावत्या नसतील तर टर्बोच्या खर्चाची रक्कम किमतीतून कमी करून मगच बोला.

लहान टर्बो इंजिन वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ते मोठ्याचे काम खरोखर करते आणि नीट वापरले तर इंधनही वाचवते. पण त्याच्या वाचवलेल्या पैशांतील काही वाटा त्याच्याच ऑईलचा आहे. तो वाटा दुसरीकडे वळवला की ते व्याजासकट वसूल करते.

त्या घराची गाडी आता दुरुस्त होऊन रस्त्यावर आहे. बत्तीस हजारांपैकी काही उसने घ्यावे लागले, ते फिटत आहेत. कॉलेजात जाणारी मुलगी दर रविवारी वहीत किलोमीटर, डिझेल आणि ऑईलची तारीख लिहिते. रोजच्या कमाईतून पन्नास रुपये गाडीच्या नावाने डब्यात टाकायचे, असे आईने ठरवून दिले आहे. ज्यांच्या घरी चालकाची कमाई येते त्या सर्वांनी अशी एक वही आणि असा एक डबा आजच सुरू करावा, एवढीच विनंती.