कोकोडाच्या वाटेवरचं ओझं

ओवर्स कॉर्नरहून गोल्डी नदीकडे उतरण्याआधी आमच्या पोर्टरांच्या सॅक एकेक करून काट्याला लावल्या. तांदूळ, पातेली, ताडपत्री, आमचे तंबू आणि त्यांचं स्वतःचं अंथरूण-पांघरूण, सगळं धरून साडेबावीस किलोंची मर्यादा. एका सॅकचा काटा पुढे गेला. गटप्रमुखाने लगेच तिच्यातले माशांचे डबे काढून वाटून दिले आणि सॅक पुन्हा टांगली. घाई असतानाही त्याने हे टाळलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण या वाटेचा सगळा इतिहासच दुसऱ्यांसाठी ओझी वाहणाऱ्यांचा आहे.

पापुआ न्यू गिनीतल्या ओवेन स्टॅन्ली डोंगररांगेतून जाणारी ही ९६ किलोमीटरची पायवाट. जुलै १९४२मध्ये जपानी फौज उत्तर किनाऱ्यावर उतरली आणि डोंगर ओलांडून पोर्ट मोर्सबी घ्यायला निघाली. वाटेवरच्या इसुरावा गावाजवळ ऑगस्टअखेर घनघोर लढाई झाली. जपानी सैन्य पार इओरिबैवापर्यंत आलं, तिथून मागे हटलं, आणि २ नोव्हेंबरला कोकोडा गाव पुन्हा ऑस्ट्रेलियनांच्या हाती आलं. सहाशेहून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिक या वाटेवर पडले. दारूगोळा आणि शिधा वर नेला तो पापुअन माणसांनी, जखमींना खाली आणलं तेही त्यांनीच. एकेका स्ट्रेचरला आठ-आठ जण लागत. त्यातल्या कितीतरी जणांना तेव्हाच्या ऑस्ट्रेलियन वसाहतीच्या सरकारने सक्तीने कामाला लावलं होतं. ऑस्ट्रेलियाने त्यांच्यासाठी स्मृतिपदक काढलं, ते २००९मध्ये.

वाट राखायची म्हणजे मुख्यतः पाण्याशी झुंजायचं. इथे पाऊस धो धो कोसळतो. बुटांनी माती दबते, वाटेची घळ होते आणि त्याच घळीतून पाणी धावत सुटतं. मेनारी गावाच्या अलीकडे एका उतारावर तिघे गावकरी कामाला लागले होते. चिखलात आडवे ओंडके बसवायचे, खालच्या अंगाला खुंट्या ठोकायच्या, मागे माती भरून पायाने चेपायची. एकाने वरच्या बाजूला तिरका चर खणला. पाणी पायऱ्यांवर येण्याआधीच बाजूच्या झाडीत वळलं पाहिजे. चर खणताना मध्ये जाड मूळ आलं. कुऱ्हाड हातात असूनही त्याने ते तोडलं नाही, चरच थोडा वळवला. तो उतार धरून ठेवला आहे तो मुळांनीच.

ही जमीन सरकारची नव्हे, कोइआरी आणि ओरोकाइवा लोकांच्या कुळांची आहे. वाटेच्या दक्षिण टोकाजवळ तांबं आणि सोनं सापडलं, तेव्हा खाण हवी म्हणणारे गावकरीही होते. २००८मध्ये काहींनी वाटच अडवली. पुढे सरकारने खाणीच्या शोधाचा परवाना वाढवून दिला नाही. तो निर्णय योग्यच होता. पण अडवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. दवाखान्यासाठी डोंगर चढून-उतरून जावं लागणाऱ्या माणसाला वारसा जपा म्हणून सांगायचं, तर त्या वारशातून त्याच्या घरी काहीतरी यायला हवं. ट्रेकर येतात तेव्हा मुक्कामाचं भाडं, पोर्टरची मजुरी, केळी आणि रताळी यांचे पैसे थेट गावात पडतात. २०२०मध्ये साथीमुळे वाट बंद झाली आणि ही मिळकत एकदम आटली.

काही गावांत जुन्या बंदुका, शिरस्त्राणं, गंजलेले तोफगोळे मांडून ठेवलेले असतात. ते पाहायचे थोडे पैसे मागतात, ते आनंदाने द्यावेत. कोणी एखादी वस्तू विकायला काढली तर मात्र घेऊ नये. युद्धातले अवशेष देशाबाहेर न्यायला तिथे कायद्याने बंदी आहे, आणि ते तिथेच राहिले तर गावाला पुढेही मिळकत होईल.

कोणी जाणार असेल तर पैसे भरण्यापूर्वी ट्रेक नेणाऱ्या कंपनीला चार गोष्टी जरूर विचाराव्यात. पोर्टरला रोज किती देता? त्याला झोपायला कोरडी जागा आणि पांघरूण देता का? ओझं कुठे आणि कोणासमोर तोलता? आणि कोकोडाला पोचल्यावर आम्ही विमानाने परतू, तेव्हा तो आपल्या गावी कसा जाणार, त्या दिवसांची मजुरी त्याला मिळणार का?