वर्दी उतरल्यानंतर
माजी सैनिक : नोंदणी, नोकरी, हक्क

• निवृत्तिवेतनासाठी जवानाची किमान १५, अधिकाऱ्याची २० वर्षे सेवा आवश्यक. म्हणून बरेच जवान पस्तिशी-चाळिशीतच गावी परततात. मुले तेव्हा शाळेतच असतात.

• पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची. डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतन आदेश) सोबत हवे. ओळखपत्र इथेच, नोकरीसाठी नावनोंदणीही इथेच.

• महाराष्ट्रात गट ‘क’ व ‘ड’ पदांत १५ टक्के समांतर आरक्षण.

• मेस्को : राज्याचे माजी सैनिक महामंडळ, पुणे. सुरक्षारक्षक पुरवते.

• सैनिक विश्रामगृह : सैनिकी कँटीनच्या दिवशी तालुक्याला आलेले जुने पलटणवाले भेटतात ते बहुधा इथे.

• अग्निवीर (२०२२पासून) : सेवा ४ वर्षे. कायम होतात जास्तीत जास्त २५ टक्के. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही.