टायटनच्या समुद्रात मीठ टाकलं तर?

आळेफाट्यावर नाशिक-पुणे हमरस्ता आणि कल्याण-नगर रस्ता एकमेकांना छेदतात. तिथल्या एखाद्या गॅरेजसमोर घटकाभर उभे राहा. मेकॅनिक ग्रीसने माखलेले हात आधी डिझेलने चोळतो, साबणाची पाळी नंतर. ग्रीस पाण्याला दाद देत नाही, डिझेलमध्ये मात्र झटकन सुटतं. त्याच डिझेलमध्ये चमचाभर मीठ घाला आणि दिवसभर ढवळा. संध्याकाळी मीठ तळाशी जसंच्या तसं. शनीच्या टायटन या चंद्रावरचे समुद्र या डिझेलच्याच जातकुळीतले आहेत. मिथेन, इथेन आणि त्यात मिसळलेला नायट्रोजन, तापमान उणे १७९ अंशांच्या आसपास. समुद्र म्हटला की तो खारट, ही आपली समजूत तिथे पहिल्याच घोटाला खोटी ठरते.

खोडदची रेडिओ दुर्बीण आळेफाट्याहून जवळच. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनाच्या गर्दीत हमखास कानावर पडतं की तिच्या तबकड्यांना टायटनचे समुद्रही दिसतात. नाही दिसत. ४५ मीटर व्यासाच्या या ३० तबकड्या मुख्यतः मीटरभराच्या आसपास लांबीच्या रेडिओलहरी ऐकतात. टायटनचं दाट धुकं भेदून समुद्र शोधले ते शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाच्या रडारने, सुमारे २ सेंटीमीटरच्या लहरींनी, २००६ पासून पुढे. खोडदचं श्रेय वेगळं आहे: १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश इथल्या तबकड्यांनी टिपला होता.

‘एवढा गॅस म्हणजे काडी लावली की भडका!’ ही आणखी एक धास्ती. पण जळायला ऑक्सिजन लागतो आणि टायटनच्या हवेत तो जवळजवळ नाहीच. विषय संपला.

बर्फाचं मात्र गंमतशीर आहे. आपल्याकडे तो पाण्यावर तरंगतो म्हणून तिथेही तरंगेल, असं वाटतं. द्रव मिथेनची घनता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे पाण्याचा बर्फ थेट तळ गाठतो. विरघळायचं तर नावच नको. तिथे पाणी म्हणजे दगड. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स यान उतरलं ते असल्याच बर्फाच्या गोट्यांमध्ये.

मग त्या समुद्रात विरघळतं तरी काय? पुन्हा फाट्यावर या. गॅस वेल्डिंगच्या टाकीत ॲसिटिलीन नुसता कोंबलेला नसतो, दाबाखाली तो आपोआप फुटू शकतो. म्हणून तो ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात, आणि ॲसिटोन बाहेर येऊ नये म्हणून टाकी उभीच ठेवतात. टायटनच्या हवेत सूर्यप्रकाशाने मिथेन मोडून हाच ॲसिटिलीन तयार होतो, थंडीने गोठून खाली येतो आणि समुद्रात थोडाफार विरतो. तळं आटलं की काठावर पांढरट पट्टा उरतो, लोणारच्या काठी खार चढतो तसा. कॅसिनीला आटलेल्या तळ्यांभोवती असे थर दिसले. त्यात ॲसिटिलीन आणि ब्युटेन असावेत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

वायू थंडीत जास्त विरघळतो, हे सोडावाल्याला सांगायला नको. मिथेनमध्ये नायट्रोजन भरपूर मावतो, इथेनमध्ये कमी. म्हणून मिथेनच्या द्रवात इथेन मिसळलं किंवा तो थोडा तापला, तर नायट्रोजन बुडबुड्यांनी बाहेर पडतो. लायजिया समुद्रात २०१३ मध्ये दिसलेलं आणि पुढे नाहीसं झालेलं ‘जादूचं बेट’ कदाचित असल्याच बुडबुड्यांचं असावं.

‘सारखं सारख्यात विरघळतं’ हा शाळेतला नियमही तिथे जरा सांभाळून वापरावा लागतो. टायटनवर आढळणाऱ्या हायड्रोजन सायनाइडच्या रेणूची दोन टोकं विरुद्ध विद्युतभाराची. मिथेन-इथेनची तशी नाहीत. नियमाप्रमाणे दोघांचं जमायला नको, आणि द्रवात ते फारसं जमतही नाही. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, उणे १८० अंशांच्या थंडीत मिथेन-इथेनचे रेणू हायड्रोजन सायनाइडच्या स्फटिकातच शिरून बसल्याचं आढळलं. समुद्रात फारसा न विरणारा हा पदार्थ समुद्रालाच थोडाथोडा आपल्या पोटात घेत असावा.