सर्व्हर आपला, पण सांभाळणार कोण?

२०२०च्या टाळेबंदीत देशभरच्या महाविद्यालयांनी व्याख्यानं, स्वाध्याय, गुण असं सगळं फुकट मिळालेल्या परक्या जागेत ठेवलं. पुढे गूगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद केली. २०२२पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट. साहित्य आपलं आणि नियम दुसऱ्याचे, ही स्थिती बदलायची तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या महाविद्यालयांनी स्वतःच्या सर्व्हरवरच्या शिक्षणप्रणालीचा विचार करायला हवा.

प्रणाली तयार आहे. मार्टिन डूगियामस यांनी ऑस्ट्रेलियात घडवलेलं मूडल २००२पासून सर्वांना खुलं आहे. आयआयटी मुंबईतही ते वापरात आहे. परवान्याला पैसे पडत नाहीत; खर्च पुढे सुरू होतो. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेली ४.५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती, तरी तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७पर्यंतच मिळणार. म्हणजे पदवीची एक तुकडी बाहेर पडेपर्यंत एकदा तरी अपग्रेड आलंच. तेव्हा पीएचपी, डेटाबेस, वरून जोडलेली प्लगइन्स यांचा मेळ बसवावा लागतो. प्लगइन्स कमीच ठेवावीत, हे बरं. हे काम तासिका तत्त्वावरच्या एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात घातलं, तर तो नोकरी सोडताच प्रणाली पोरकी होते.

शिवाय इथे उल्हास नदी आहे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा गावात सर्व्हर तळमजल्यावर नको, बॅकअप त्याच इमारतीत तर नकोच. डेटाबेस आणि अपलोड झालेल्या फायली, दोन्हींचा बॅकअप एकाच वेळचा हवा; नाहीतर स्वाध्याय जमा झाल्याची नोंद सापडते, स्वाध्याय सापडत नाही. आणि तो बॅकअप परीक्षेआधी एकदा प्रत्यक्ष उतरवून पाहावा.

तिन्ही शहरांनी मिळून एकच सर्व्हर ठेवावा, असं मला ठामपणे वाटतं. सीएचएम आणि तलरेजासह इथली बहुतेक महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. जिथे अभ्यासक्रम सारखा, तिथे एकाने केलेला प्रश्नसंच दुसऱ्याच्याही कामाला येईल. पूर्णवेळ दोन माणसांचा पगार वाटून घेता येईल. मूडलमध्ये प्रत्येक महाविद्यालयाला वेगळा विभाग आणि वेगळा व्यवस्थापक देता येतो, त्यामुळे एकाचे गुण दुसऱ्याला दिसत नाहीत. मोबाइल अ‍ॅपवर धडे आधी उतरवून ठेवले की लोकलमध्ये रेंज गेली तरी वाचता येतात.

पुढे कुणाला वेगळं व्हायचं झालं, तर प्रत्येक अभ्यासक्रम बॅकअप फाइल म्हणून काढून दुसऱ्या मूडलवर चढवता येतो. ती मुभा करारात पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी. तसंच पगाराची तरतूद यंत्रखरेदीच्या आधी करावी.