नाद सारखा, गोत्र वेगळे

इंग्रजीत ‘नेम’ म्हणजे नाव आणि जपानीत ‘नामाए’ म्हणजेही नाव. जपानी शिकू लागलेल्या माणसाच्या कानावर हा शब्द अगदी सुरुवातीलाच पडतो आणि या दोन भाषांचे कुठेतरी नाते असणार, असे त्याला वाटू लागते. तसे नाते नाही. जपानीतला जुना शब्द नुसता ‘ना’. त्याला ‘माए’ हे शेपूट आदर दाखवण्यासाठी मागाहून जोडले गेले. इंग्रजी ‘नेम’ जुन्या इंग्रजीत ‘नामा’ होता; लॅटिन ‘नोमेन’, संस्कृत ‘नामन्’ आणि आपले ‘नाव’ हे त्याच्या कुळातले. म्हणजे कानाला जवळचा वाटणारा ‘नामाए’ परका निघाला आणि ‘नाव’ मात्र ‘नेम’चे भाऊबंद.

असे योगायोग जपानीत बरेच सापडतात. ‘ओकोरु’ म्हणजे घडणे, आणि इंग्रजी ‘अकर’चा अर्थही तोच. पण ‘अकर’ आला लॅटिनमधून, ‘समोर धावत येणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून. ‘ओकोरु’चे नाते ‘ओकिरु’शी, म्हणजे उठण्याशी. ‘सो’ म्हणजे ‘तसे’, हे तर दोन्ही भाषांत दिवसभर ऐकू येते. त्यांचाही एकमेकांशी संबंध नाही. याचे कारण साधे आहे. जपानीत स्वर पाचच, आणि बहुतेक अक्षरे एक व्यंजन व एक स्वर अशी सुटसुटीत. एवढ्याशा ध्वनींतून हजारो शब्द घडवायचे म्हटल्यावर त्यातले काही परभाषेतल्या शब्दांवर जाऊन आदळणारच. ‘नाही’ला जपानीत ‘नाइ’ म्हणतात. कोकणातल्या माणसाला ते घरचेच वाटेल. पण त्याचे जुने रूप ‘नाशि’ होते, हे कळले की सारखेपणा विरतो.

सगळ्यात चिवट गैरसमज ‘आरिगातो’चा. पोर्तुगीज लोक आभार मानताना ‘ओब्रिगादो’ म्हणतात. त्यावरूनच जपान्यांनी ‘आरिगातो’ घेतला, असे पुष्कळ शिकलेसवरलेले लोकही सांगतात. ‘ओब्रिगादो’ इंग्रजी ‘ऑब्लाइज’चा सख्खा, त्यामुळे ही गोष्ट इंग्रजीपर्यंत ताणली जाते. तारखा मात्र तिच्या विरोधात आहेत. पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले १५४३ मध्ये. त्याआधी सुमारे साडेपाचशे वर्षे, इसवी सन १०००च्या आसपास, राजदरबारातल्या सेइ शोनागोन या लेखिकेने आपल्या ‘माकुरा नो सोशि’त ‘आरिगाताकि’ गोष्टींची एक यादीच दिली आहे. ‘आरि’ म्हणजे असणे, ‘गाताशि’ म्हणजे अवघड; जे असणे अवघड ते दुर्मिळ. त्या यादीत सासूची लाडकी सूनही आहे! दुर्मिळ कृपा झाली, या भावनेतून पुढे तो शब्द आभाराचा झाला. ही खरी कथा पोर्तुगीज दंतकथेहून कितीतरी सुंदर आहे.

पोर्तुगिजांनी जपानीला खरोखर काय दिले, तेही पाहण्यासारखे आहे. जपानीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘पांव’, गोव्यात आणि मुंबईत जो ‘पाव’ झाला तोच. तव्याचा इंग्रजी ‘पॅन’ही जपानीत ‘पान’च होतो, आणि त्यावर तिथल्या मुलांचा एक आवडता उखाणा आहे: पान तर आहे, पण खाता येत नाही, ते कोणते? उत्तर, ‘फुराइपान’, म्हणजे फ्राय पॅन.

याहून नवलाची गोष्ट ‘कार्ड’ची. जपानी नववर्षाच्या सणात घरोघर खेळली जातात ती कवितांची पाने म्हणजे ‘कारुता’. हा शब्द सोळाव्या शतकात पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आला. डॉक्टरकडे गेलात तर तुमची नोंद ज्यावर होते तो कागद ‘कारुते’; मेइजी सम्राटाच्या काळात जपानने वैद्यक जर्मनीकडून घेतले, त्याबरोबर जर्मन ‘कार्टे’ आला. दुकानात पैसे देताना पुढे करता ते ‘कादो’, हे इंग्रजीतून. हॉटेलात एकेक पदार्थ निवडून मागवला तर ‘आराकारुतो’, हा फ्रेंच. चौघांचेही मूळ एक, लॅटिन ‘कार्ता’, आणि त्यामागे ग्रीक ‘खार्तेस’, म्हणजे पपायरसचा कागद. आपल्याकडे पोर्तुगीज ‘कार्तुशू’वरून आलेले ‘काडतूस’ही त्याच घराण्यातले, पूर्वी दारू कागदाच्या गुंडाळीत भरत. ‘कारुते’ आणि ‘काडतूस’ एका कुळातले आहेत, हे नुसत्या कानाला कधीच कळले नसते.

काही शब्द इंग्रजीतूनच आले, पण जपानात जाऊन बदलले. ‘मान्शोन’ म्हणजे हवेली नव्हे, इमारतीतला फ्लॅट. ‘कान्निंगु’ म्हणजे परीक्षेतली कॉपी. हवे तेवढे वाढून घ्यायच्या जेवणाला ‘बाइकिंगु’ म्हणतात. टोकियोच्या इंपीरियल हॉटेलने १९५८ मध्ये स्कँडिनेव्हियन पद्धतीचे असे जेवण सुरू केले आणि त्याला व्हायकिंगांचे नाव दिले, ते देशभर रुळले.

उलटी वाटही वाहती राहिली. जपानच्या लष्करी सत्ताधीशासाठी, म्हणजे शोगुनसाठी, परराष्ट्र व्यवहारात वापरली जाणारी ‘ताइकुन’ ही पदवी अमेरिकेत पोचली. लिंकनचे सचिव आपसांत त्यांना ‘टायकून’ म्हणत. पुढे ती उद्योगपतींना चिकटली. ‘जिन-रिकि-शा’ म्हणजे माणूस, शक्ती, गाडी. ही गाडी टोकियोत १८७०च्या सुमारास धावू लागली. इंग्रजीने तिच्यातला ‘जिन’ गाळला आणि आपल्याकडे ‘रिक्षा’ आली. मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानमध्ये दशकानुदशके माणसांनीच रिक्षा ओढल्या. तिथे गाडीत माणूस होता, फक्त शब्दातून गेला होता. उरलेल्या महाराष्ट्रात त्याची जागा इंजिनाने घेतली.

सर्वांत अलीकडचा प्रवासी ‘एमोजि’. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजि’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचा काडीचाही संबंध नाही. शिगेताका कुरिता यांनी दोकोमो कंपनीसाठी रेखाटलेली १७६ चित्रे १९९९ मध्ये फोनवर आली, आणि २०१५ मध्ये ऑक्सफर्डने हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्याला वर्षाचा शब्द ठरवले. हा शब्द जगभर इतका चटकन रुजला त्यात ‘इमोशन’च्या आभासाचाही हात असावा, असे मला वाटते. मराठीत आपण सर्रास ‘इमोजी’ लिहितो, तो इंग्रजी उच्चाराचा परिणाम. ‘ए’ आपल्या लिपीत आहेच. तेव्हा खुशाल ‘एमोजी’ लिहावे.