चार वर्षांचा हिशेब कसा मागतात

28 ऑक्टोबर 1980 च्या रात्री अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांना आव्हान देणारे रोनाल्ड रेगन समोरासमोर आले. त्या निवडणुकीतली या दोघांची ही एकमेव जाहीर चर्चा. मतदान आठवड्यावर आले होते. समारोपाच्या भाषणात रेगन यांनी कार्टर यांना बाजूला ठेवले आणि थेट मतदारांनाच विचारले, की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचे बरे चालले आहे का? दुकानातून सामान आणणे तेव्हापेक्षा सोपे झाले आहे का? देशात बेकारी तेव्हापेक्षा जास्त आहे की कमी?

सत्तेवर असलेल्या नेत्याच्या आर्थिक कारभारावर निवडणुकीत टीका कशी केली जाते, हे समजून घ्यायला या तीन प्रश्नांइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. या प्रश्नांत एकही आकडा नव्हता. आकडा दिला की समोरचा दुसरा आकडा काढतो आणि वाद तज्ज्ञांच्या हातात जातो. रेगन यांनी मतदाराच्या घरखर्चालाच साक्षीला बोलावले. तुमचे किराण्याचे बिल खोटे आहे, असे कोणता अध्यक्ष म्हणू शकेल? शिवाय समारोपात कार्टर आधी बोलले होते, त्यामुळे रेगन यांचे प्रश्न उत्तराविना तसेच लोकांच्या मनात राहिले.

आता हेच प्रश्न आकड्यांवर घासून पाहू. महागाईबाबत रेगन यांचे म्हणणे पूर्ण खरे होते. 1976 मध्ये अमेरिकेतली महागाई सहा टक्क्यांच्या आत होती. 1980 मध्ये ती वर्षाच्या सरासरीने साडेतेरा टक्के झाली. कार्टर यांनी सूत्रे घेतली तेव्हा जे सामान शंभर डॉलरला मिळत होते, त्याला ते पायउतार होताना जवळजवळ दीडशे डॉलर मोजावे लागत होते. पगारही वाढले, पण 1979 आणि 1980 मध्ये महागाई त्यांच्या पुढे गेली. त्यातच प्राप्तिकराचे टप्पे महागाईनुसार बदलत नसत. त्यामुळे नुसता कागदावर पगार वाढलेला माणूस वरच्या टप्प्यात जायचा आणि जास्त कर भरायचा. कर कमी करण्याचे रेगन यांचे आश्वासन मध्यमवर्गाला इतके का भावले, याचे एक मोठे कारण इथे आहे.

बेकारीची गोष्ट मात्र निराळी आहे. कार्टर जानेवारी 1977 मध्ये आले तेव्हा बेकारीचा दर साडेसात टक्के होता. क्लीव्हलँडला चर्चा झाली त्या महिन्यातही तो साडेसात टक्केच होता. दरम्यान सुमारे एक कोटी नव्या नोकऱ्या तयार झाल्या होत्या. बेकारांची एकूण संख्या थोडी वाढली होती, कारण काम शोधणारेच वाढले होते. म्हणजे संख्या धरली तर रेगन बरोबर, दर धरला तर नाही. मध्ये, 1979 च्या उन्हाळ्याच्या सुमारास, हाच दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरलेला होता. त्यामुळे लोकांना आठवत होती ती नुकतीच झालेली वाढ. टीकाकार तुलनेसाठी कोणता महिना धरतो, हे म्हणूनच आधी पाहावे लागते.

त्या प्रचारात आणखी एक हत्यार वापरले गेले. आर्थर ओकुन या अर्थतज्ज्ञाने बेकारीचा दर आणि महागाईचा दर यांची सरळ बेरीज करायची कल्पना मांडली होती. पुढे तिला मिझरी इंडेक्स, म्हणजे हालअपेष्टांचा निर्देशांक, असे नाव पडले. 1976 मध्ये खुद्द कार्टर यांनी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याविरुद्ध तो वापरला होता. तेव्हा तो तेराच्या आसपास होता आणि अशा अध्यक्षाला पुन्हा मत मागण्याचा अधिकार नाही, असा कार्टर यांचा सूर होता. 1980 मध्ये तोच निर्देशांक विसाच्या वर गेला आणि रेगन यांनी तो कार्टर यांच्यावर उलटवला. शास्त्र म्हणून ही बेरीज कच्ची आहे. नोकरी गेलेल्या घराचे हाल आणि भाववाढीचा सर्वांना बसणारा चटका एकाच तराजूत घालता येत नाही. पण दोन दुखण्यांचा एकच आकडा होतो आणि तो सभेत एका दमात सांगता येतो, म्हणून प्रचारात तो चालतो.

रेगन यांची चूकही बोलकी आहे. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी ओहायोतल्या एका भाषणात देशाच्या स्थितीला महामंदी म्हटले. अर्थतज्ज्ञांनी, त्यांच्या स्वतःच्या सल्लागारांपैकी अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनीही, हे बरोबर नसल्याचे सांगितले. ती मंदी होती. कार्टर यांच्या बाजूने या चुकीवर बोट ठेवले. पण 1 सप्टेंबरला न्यू जर्सीत रेगन यांनी सारा वाद फिरवला. शेजाऱ्याची नोकरी गेली की मंदी, तुमची गेली की महामंदी, आणि कार्टर यांची गेली की सुधारणा, अशा अर्थाचे ते बोलले आणि टाळ्या घेऊन गेले. व्याख्येत चुकलेला उमेदवार अशा रीतीने अनुभवाच्या जोरावर सुटला. मला हे अन्यायाचे वाटते, कारण कार्टर यांची दुरुस्ती योग्य होती. पण ज्याची नोकरी गेली आहे त्याला व्याख्या सांगणारा नेता परका वाटतो, हेही तितकेच खरे.

सगळ्यात अवघड प्रश्न जबाबदारीचा. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली आणि वर्षभरात तेलाचे भाव दुपटीहून जास्त झाले. ते कार्टर यांच्या हातात नव्हते. ऑगस्ट 1979 मध्ये त्यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष नेमले. व्होल्कर यांनी महागाई मोडायला पैशाचा पुरवठा आवळला. एप्रिल 1980 मध्ये बड्या ग्राहकांसाठीचा बँकांचा व्याजदरही वीस टक्क्यांवर गेला. घरे आणि मोटारी यांची विक्री कोसळली. या कडू औषधाचा त्रास कार्टर यांच्या काळात सुरू झाला आणि गुण आला तो रेगन यांच्या काळात.

मात्र एक निर्णय पूर्णपणे कार्टर यांचा होता. मार्च 1980 मध्ये त्यांनी कर्जवाटपावर निर्बंध आणले. लोकांनी क्रेडिट कार्डे वापरणे एकदम कमी केले, खप आटला, आणि त्या तिमाहीत अर्थव्यवस्था झपाट्याने आकसली. जुलैपर्यंत हे निर्बंध मागे घ्यावे लागले. खरी, तारखेसह करता येण्याजोगी टीका ही होती. पण ती समजावायला पाच मिनिटे लागतात, म्हणून लोकांच्या आठवणीत राहिले ते तीन प्रश्न. 4 नोव्हेंबरला रेगन यांनी 44 राज्ये जिंकली.

पुढची चार वर्षे पाहिली की या टीकेचे मर्म जास्त कळते. 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर गेली. त्या वर्षीच्या मध्यावधी निवडणुकीत रेगन यांच्या पक्षाने कनिष्ठ सभागृहातल्या 26 जागा गमावल्या. 1984 च्या ऑक्टोबरमध्ये बेकारी 7.4 टक्के होती, म्हणजे 1980 सारखीच. तरी रेगन 49 राज्यांत जिंकले. महागाई चार टक्क्यांवर आली होती आणि बेकारी खाली येत होती. मतदार आकडा कुठे आहे यापेक्षा कोणीकडे चालला आहे ते पाहतो. रेगन यांनी केलेली टीका बरीचशी खरी होती, पण त्यांचा उपाय सांगितल्याप्रमाणे उतरला नाही. त्यांनी अंदाजपत्रक समतोल करण्याचे वचन दिले होते. आठ वर्षांत केंद्राचे कर्ज जवळजवळ तिप्पट झाले.

आपल्याकडे हे कांद्यावर तपासता येते. 1998 मध्ये खराब हवामानाने पीक गेले, कांदा दिल्लीकरांच्या आवाक्याबाहेर गेला, ऑक्टोबरमध्ये मुख्यमंत्री साहिबसिंग वर्मा यांना जावे लागले, आणि त्यांच्या जागी आलेल्या सुषमा स्वराज यांच्या नेतृत्वाखाली भाजपने नोव्हेंबरमध्ये दिल्ली गमावली. दिल्लीच्या मुख्यमंत्र्याच्या हातात पाऊस नव्हता, कांद्याची शेतीही नव्हती. नाशिक जिल्ह्यात 2024 ला उलट दुखणे होते. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावसह अनेक बाजार समित्यांत लिलाव थांबले, भाव पडले. 4 मे 2024 ला बंदी उठली, तीही 40 टक्के शुल्क ठेवून. 20 मे रोजी मतदान झाले आणि दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या.

दिल्लीतला राग खरा होता, पण मुख्यमंत्र्यांवर फोडलेले खापर बरेचसे चुकीच्या डोक्यावर फुटले. दिंडोरीतला राग एका आदेशावर होता, त्याला तारीख होती आणि तो कोणी काढला हेही माहीत होते. म्हणून दोन्हींतली दिंडोरीची टीका मला अधिक न्याय्य वाटते. पुढच्या सभेत कोणी सत्ताधाऱ्यांच्या आर्थिक कारभाराचा पाढा वाचू लागला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, तर त्याला एवढे जरूर विचारा: हा निर्णय कोणत्या तारखेचा, आणि त्या जागी तुम्ही काय केले असते?